सुट्टीत येत नाहीये, म्हणून

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

फोनवर आईचा आवाज एकदम बारीक झाला, तेव्हाच ठरवलं की नीट पत्र लिहायचं. या सुट्टीत मी येत नाहीये. तरुण संघाचं शिबिर मी घेते, असं पाळकसाहेबांना कळवून टाकलंय. दादा तुमच्याकडे येतोय, बाबांना तपासणीला तोच नेईल, रात्रीच्या बाई आहेतच. ही सोय झाली नसती तर मी हो म्हटलंच नसतं. खरंच नसतं. आणि शिबिर आटपलं की येणारच आहे, तेही धावतपळत नाही, चांगली राहायला.

पण बाबा, तुम्हाला माझं न येणं तेवढं खटकलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. शिबिरात, तेही चर्चच्या हॉलमध्ये, वर रविवारी, आणि सिनेमे! मावशीच्या टीव्हीवरून घरात झालेलं रामायण मी विसरलेले नाही. म्हणून सांगते, उगाच करमणूक म्हणून नाही दाखवत. ही पोरं खेळाच्या संघात निवड झाली की आकाशात असतात आणि नाव गळलं की दार लावून बसतात. ‘ख्रिस्तात तुझी ओळख काय’ असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर देतात. पडद्यावर कुणी धावायला लागलं की मात्र पुढे सरकून बसतात.

पहिला सिनेमा तुमच्या आवडीचाच आहे, ‘चॅरियट्स ऑफ फायर’, 1981 चा. स्कॉटिश धावपटू एरिक लिडलची गोष्ट तुम्ही शब्बाथशाळेत इतकी रंगवून सांगायचात की 1924 चं पॅरिस ऑलिंपिक मला बायबलमधलंच वाटायचं. शंभर मीटरच्या प्राथमिक शर्यती रविवारी, प्रभूच्या विसाव्याच्या दिवशी, म्हणून तो धावला नाही. मग चारशे मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक. सिनेमात त्याला हे वेळापत्रक बोटीवर चढताना कळतं. खरं तर ते त्याला कितीतरी महिने आधी माहीत होतं, आणि हे मी पोरांना सांगणार आहे. ऐन वेळच्या शौर्यापेक्षा महिनोन् महिने पाळलेला नकार मला मोठा वाटतो.

मला त्यात जास्त बोलायचंय ते त्यातल्या दुसऱ्या धावपटूबद्दल, हॅरोल्ड अब्राहम्सबद्दल. अंतिम शर्यतीआधी तो म्हणतो, आपलं असणं सार्थ ठरवायला हातात फक्त दहा सेकंद आहेत. जिंकतो, पण चेहऱ्यावर सुटल्याचा भाव नाहीच. मला तिथे येशूच्या बाप्तिस्म्यानंतरची ती वाणी आठवते, ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे’. तोवर येशूने एक चमत्कार केला नव्हता, एक उपदेश दिला नव्हता. आधी प्रेम, मग काम. अब्राहम्सचं नेमकं उलटं चाललंय, आणि आमची पोरंही तशीच धावतायत.

म्हणूनच ‘रॉकी’ दाखवताना मी हात राखून आहे. सुरुवातीलाच ख्रिस्ताचं चित्र दिसतं आणि कॅमेरा खाली येतो तो थेट मुष्टियुद्धाच्या रिंगणात, त्यामुळे उपदेशकांना तो भारी आवडतो. शेवटी रॉकी हरतो, हेही छान. पण शेवटच्या फेरीपर्यंत उभा राहिलो तरच मी फालतू नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते सुवार्तेचं नव्हे. घाम गाळून माणूस दणकट होतो, पौलाची ‘नवी उत्पत्ती’ घामातून येत नाही. आधी ती मिळते, मग पळायचं बळ येतं.

आता रविवारचं. लिडल पुढे चीनला मिशनरी म्हणून गेला, युद्धात जपान्यांनी त्याला वेइश्येनच्या छावणीत कोंडलं. तिथल्या मुलांचे खेळ तोच घ्यायचा, रविवार सोडून. एका रविवारी मुलं आपली आपण हॉकी खेळायला गेली, पंच नाही, हाणामारी झाली. तेव्हापासून हा रविवारीही पंच म्हणून उभा राहू लागला. ज्याने रविवारपायी शंभर मीटर सोडले, तोच! तिथेच 1945 च्या फेब्रुवारीत तो वारला. वाद घालत नाहीये, बाबा. तुमचाच माणूस तुमच्यापुढे ठेवतेय एवढंच.

शेवटचा ‘ओव्हरकमर’, 2019 चा. जरा उपदेशाच्या अंगाने जातो, तुम्हाला आवडेल. त्यात एक आंधळा माणूस हॉस्पिटलच्या खाटेवर पडून एका प्रशिक्षकाला विचारतो, तू कोण? प्रशिक्षक, तो म्हणतो. ते काढून घेतलं तर? शिक्षक. तेही गेलं तर? नवरा, बाप... यादी संपत येते आणि ख्रिस्ती असल्याचं त्याला सगळ्यात शेवटी सुचतं. त्या खाटेकडे बघताना मला तुम्हीच दिसलात. ‘पुलपीटावरून उपदेश करणं सुटलं, आता माझा काय उपयोग’ असं आईजवळ म्हणता, तिने सांगितलंय मला. तिला रागवू नका. मी मैदानावरून धापा टाकत यायची तेव्हा तुम्ही माझ्या चपला हातात धरून उभे असायचात. कितवी आले हे तुम्ही विचारल्याचं आठवत नाही. मग तुमच्याकडून तरी कोण कशाचा हिशेब मागतंय?

बरं, आता ऐकायचं. रक्तदाबाची गोळी सकाळचीच, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. काठी पलंगाला टेकवून ठेवायची, दारामागे नाही. आई, तू गुडघ्याचा पट्टा कपाटात जपून ठेवायला घेतलेला नाहीये, बांध. नवी उशी उंच वाटत असेल तर दादा बदलून आणेल, पण जुनीवर झोपून मान धरून बसू नका.

आणि बाबा, बायबलमधल्या इफिसकरांस पत्रावरची तुमची टिपणांची वही मला हवीय, दुसऱ्या अध्यायाची तरी. पोरांना मी ती तुमच्या नावानेच वाचून दाखवणार आहे. दादाला पानांचे फोटो काढून पाठवायला सांगा. वही वरच्या फळीवर आहे. तो येईपर्यंत थांबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. आई, तू तर नाहीच नाही.

तुमची,
बबडी