स्टेंट ग्राफ्टची खरेदी ‘१ नग’ अशी करू नका: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

पोटातल्या महाधमनीचा व्यास साधारण २ सेंमी असतो. तो ३ सेंमीच्या पुढे गेला की त्या फुग्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंमीला दुरुस्तीचा विचार सुरू होतो. तोवर बहुतेकांना काहीही जाणवत नाही. फुगा फुटला तर निम्म्याहून अधिक माणसे दगावतात, कित्येक तर रुग्णालय गाठण्याआधीच. आईन्स्टाईन यांच्या महाधमनीच्या फुग्याभोवती १९४८ मध्ये सेलोफेन गुंडाळले होते. १९५५ मध्ये तो फुटूनच ते गेले. त्या शस्त्रक्रियेच्या वेळी याहून चांगला उपाय हाताशी नव्हता. आज आहे. खारकिव्हमध्ये व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत आणि ब्युनोस आयर्समध्ये पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या महाधमनीत, जांघेतून आत नेलेला स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या कड्यांवर कापड शिवलेली नळी, जिच्यातून रक्त फुग्याला न लागता पुढे जाते) बसवला. तेव्हापासून पोट न उघडता ही दुरुस्ती करता येते.

हे पत्र त्या ग्राफ्टच्या खरेदीबद्दल आहे. मागणीपत्रात ‘स्टेंट ग्राफ्ट, १ नग’ एवढेच लिहिले की पुढचे बरेच काही बिघडते.

हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवली. हृदयाचा स्टेंट म्हणजे एक बारीक जाळीदार नळी. महाधमनीचा ग्राफ्ट तसा नाही. नितिनॉल या मिश्रधातूच्या किंवा पोलादाच्या कड्या आणि त्यांवर शिवलेले पॉलिस्टरचे किंवा पीटीएफई या प्लास्टिकचे कापड, असे त्याचे सुटे भाग रुग्णाच्या शरीरात एकमेकांत बसवावे लागतात. मुख्य भागाला एक लांब पाय (मांडीकडे जाणाऱ्या धमनीत उतरणारी नळी) आणि एक आखूड तोंड असते. दुसऱ्या जांघेतून वायर नेऊन त्या तोंडात शिरायचे, वायर खरोखर आतच आहे याची वाकड्या टोकाचा कॅथेटर (बारीक पोकळ नळी) आत फिरवून खात्री करायची आणि मगच दुसरा पाय जोडायचा. वायर बाहेरून गेल्याचे लक्षात आले नाही आणि पाय सोडला, तर तो फुग्यातच उघडतो. त्यानंतर बऱ्याचदा पोट उघडण्यावाचून मार्ग उरत नाही.

मापाचा हिशेब तर याहून काटेकोर. मूत्रपिंडाच्या धमन्यांखालचा निरोगी भाग म्हणजे फुग्याची मान. ग्राफ्ट मानेपेक्षा १० ते २० टक्के मोठा लागतो. मान २४ मिमी असेल तर २८ मिमीचा ग्राफ्ट. कपाटात ३२ मिमीचाच आहे म्हणून तो बसवला तर कापडाला चुण्या पडतात आणि चुण्यांतून रक्त फुग्यात शिरते. २५ चा बसवला तर पकड अपुरी राहून तो हळूहळू खाली सरकतो. मान साधारण १५ मिमी लांब हवी आणि ६० अंशांहून जास्त वाकलेली नको. शिवाय ग्राफ्ट आत नेणारी १८ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) नळी म्हणजे ६ मिमी, त्यामुळे जांघेकडून वर जाणाऱ्या धमनीत तेवढी वाट हवी. भारतीय स्त्रियांमध्ये ही वाट अनेकदा अरुंद निघते. वाट नसताना जोर लावला की धमनी फाटते.

म्हणून आमची पहिली मागणी अशी: महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने दरकरार करताना मुख्य भाग, पाय, वरच्या टोकाला जोडायचा आखूड तुकडा म्हणजे कफ, ग्राफ्ट आतून दाबून बसवायचा बलून आणि ताठ वायर यांचे दर वेगवेगळे ठरवावेत. प्रत्येक भागाची सर्व मापे करारात असावीत आणि साठा ‘वापरला तरच पैसे’ या अटीवर रुग्णालयात ठेवावा. सर्वांत कमी दराची निविदा दोनच मापांची असेल तर ती स्वस्त नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण पॅकेजमध्ये ग्राफ्टसाठी एकच ठोक रक्कम धरली, तर शेवटच्या अँजिओग्राफीत मानेजवळ गळती दिसल्यावर लागणाऱ्या कफचे पैसे कोण देणार? ती गळती तशीच ठेवून रुग्णाला टेबलावरून उतरवता येत नाही. जास्तीच्या भागाला त्याच वेळी, कॅथलॅबमधून (जिथे ग्राफ्ट बसवतात त्या कक्षातून) फोनवर मंजुरी मिळाली पाहिजे.

दुसरी मागणी सीटी अँजिओग्राफीची, म्हणजे सीटी स्कॅनवर धमन्या पाहण्याच्या तपासणीची. ग्राफ्ट निवडायला १ मिमी जाडीचे काप लागतात आणि मोजमाप धमनीच्या मध्यरेषेवरून करावे लागते. ५ मिमीच्या कापांची फिल्म घेऊन रुग्ण आला तर तपासणी पुन्हा करावी लागते. त्यात पैसे पुन्हा जातात आणि धमन्या दिसाव्यात म्हणून टोचलेला डाय पुन्हा मूत्रपिंडातून जातो. जिल्हा रुग्णालयांना एवढे एक परिपत्रक जावे: काप १ मिमीचे, छातीपासून मांड्यांपर्यंत, आणि रुग्णासोबत फिल्मऐवजी सीडी.

तिसरी मागणी, ग्राफ्ट बसवल्यानंतरच्या तपासण्यांची, आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ब्रिटनमधल्या ईव्हार-१ चाचणीत ३० दिवसांतले मृत्यू पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के, तर ग्राफ्टमध्ये १.७ टक्के होते. पुढच्या वर्षांत हा फायदा पुसला गेला. त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे ग्राफ्ट बसवूनही उशिरा फुटलेले फुगे. टोकाशी किंवा सांध्यात गळती सुरू झाली तर ताबडतोब दुरुस्ती लागते. कमरेच्या लहान धमन्यांतून उलट येणारी गळती फुगा वाढत नसेल तर नुसती पाहत राहिली तरी चालते. यातली कोणती आहे हे रुग्णाला कळत नाही, त्याचे काही दुखत नाही. पहिल्या महिन्यात सीटी, वर्षाने पुन्हा, आणि मग दरवर्षी निदान डॉपलर सोनोग्राफी, तीही जन्मभर. या तपासण्या पॅकेजबाहेर राहिल्या तर रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्या पॅकेजमध्ये घ्या. प्रत्येक रुग्णाची नोंद ग्राफ्टच्या लॉट क्रमांकासह राज्याच्या एका नोंदवहीत ठेवा, म्हणजे एखाद्या बनावटीत दोष निघाला तर तो कोणाकोणाच्या पोटात आहे हे त्याच दिवशी सांगता येईल.

फुटलेल्या फुग्यासाठी वेगळी सोय लागेल. तिथे ग्राफ्ट घेऊन येणाऱ्या कंपनीच्या माणसाची वाट पाहायला वेळ नसतो. वरचा रक्तदाब ७० ते ९० च्या दरम्यान राहू द्यायचा, सलाईनचा मारा करायचा नाही (दाब वाढला की पोटातली गुठळी सुटते), आणि महाधमनी आतून बंद करणारा बलून तयार ठेवायचा. ही पद्धत १०८ रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात यावी. प्रत्येक महसुली विभागात निदान एका शासकीय केंद्रात आणीबाणीचा ग्राफ्टसंच चोवीस तास हवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तेव्हा हा निर्णय दोन्ही खात्यांनी मिळून घ्यावा लागेल.

ब्रिटनमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांना पोटाच्या एका सोनोग्राफीसाठी बोलावले जाते. आपल्याकडे सरसकट तसे करा असे आम्ही म्हणत नाही. पण ६५ च्या पुढचा, विडी-सिगारेट ओढणारा किंवा पूर्वी ओढलेला माणूस इतर कोणत्याही कारणाने सोनोग्राफीला आला, तर महाधमनीचा व्यास मोजून अहवालात लिहावा. दोन मिनिटांचे काम आहे, नवे यंत्र लागत नाही. हा आदेश आपण याच महिन्यात काढू शकता.

आपले,
रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया विभागांत आणि कॅथलॅबमध्ये काम करणारे डॉक्टर व तंत्रज्ञ