मंगळवेढ्याची ज्वारी काढायची कुणी?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मंगळवेढ्यात कुणीही पाहुणा आला की त्याला दामाजीपंतांची गोष्ट ऐकावीच लागते. पंधराव्या शतकातला दुष्काळ, बिदरच्या बादशहाची कोठारं आणि ती भुकेल्यांसाठी खुली करणारे पंत. विठोबाने महार होऊन धान्याचे पैसे चुकते केले, ही पुढची कथा तुम्हालाही पाठ असेल. ती कोठारं भरत होती ती इथल्या काळ्या रानामुळे, एवढंच लक्षात असू द्या.

हे रान पावसाळाभर मोकळं ठेवतात, कुळवतात. उत्तरा-हस्ताचा पाऊस मुरला की मालदांडी ज्वारी पेरायची. नंतर पाऊस आला नाही तरी खोल मातीतल्या ओलीवर आणि थंडीवर पीक उभं राहतं. पौषात हुरडा, फाल्गुनाच्या आसपास काढणी. 2016 साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025-26 साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झाला. कागदावर सगळं छान आहे.

घोडं अडतं ते काढणीला. आमच्याकडे ज्वारी मुळासकट हाताने उपटतात. उन्हात वाकून, हाताला फोड येईपर्यंत. मग कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या, त्या रचून बुचाड लावायचं. मळणीला यंत्र आहे, उपटायला आमच्याकडे नाही. मजूर एकाच वेळी सगळ्यांना लागतात, म्हणून मिळत नाहीत. मिळालेच तर उक्त्याचा दर ऐकून माणूस पुढच्या वर्षी उसाचा किंवा मक्याचा विचार करतो. ज्वारीचं क्षेत्र का घटतंय, यावर समिती नेमायची गरज नाही. मार्चमध्ये एका बांधावर तासभर थांबा.

कम्बाइन हार्वेस्टर आणा, असा सल्ला मिळतो. देणाऱ्याच्या दावणीला बहुधा जनावर नसावं. कम्बाइनने दाणे हाती येतात, पण कडब्याचा चुरा होतो. उन्हाळ्यात गुरं जगतात ती कडब्यावर, आणि पुष्कळदा शेतकऱ्याच्या हातात खरा पैसा येतो तोही कडबा विकून.

मालदांडी 35-1 हा वाण आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला. उंच ताट पेंढीसाठी अखंड ठेवणारं, चार-पाच एकरवाल्याला भाड्याने परवडणारं काढणी यंत्र तयार करण्याचं काम कृषी विद्यापीठाला मुदत घालून द्या. पहिली चाचणी आमच्या भारी काळ्या रानात घ्या. तोवर काढणीची मजुरी रोजगार हमीतून देता येईल का, हेही तपासा. आणि उत्तर हंगामाच्या आधी कळवा. पेरणीनंतर आलेलं उत्तर आम्हाला पुढच्या वर्षीच कामाला येतं.

आपला,
मंगळवेढ्याचा एक कोरडवाहू शेतकरी