रेगे म्हणजे धुराचं संगीत नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रेगे या जमैकाच्या संगीतावरचा लेख वाचून रात्रभर चीड गेली नाही, म्हणून हे पत्र. 'शब्दांत फारसं काही नसतं, ठेका धरावा आणि सैल व्हावं,' असं लेखक लिहितात. सोबत चित्र छापलंय तेही जटा वाढवून धूर सोडणाऱ्या माणसाचं.

१९८२ साली मी बोटीवर सुकाणी होतो. बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, भरायला आमचं जहाज जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर, सेंट ॲन परगण्यातल्या डिस्कव्हरी बेला लागलं होतं. बॉक्साइटच्या लाल धुळीने कपडे, केस, जेवणाचं ताटसुद्धा माखायचं. धक्क्यावर एक वयस्कर कामगार होता. त्याच्या टेपवर दिवसभर एकच कॅसेट चालायची, बर्निंग स्पिअर या रेगे गायकाची 'मार्कस गार्वी'. त्यातल्या एका गाण्यात गायक गुलामगिरीच्या दिवसांची आठवण आहे का, असं पुन्हा पुन्हा विचारतो. मी त्या कामगाराला सहज विचारलं, हा गार्वी कोण? त्याने टेप बंद केला. म्हणाला, "आम्हा काळ्या लोकांचा पुढारी. इथलाच, याच किनाऱ्यावरच्या सेंट ॲन्स बे गावचा. आणि हा गाणारा बर्निंग स्पिअर, म्हणजे विन्स्टन रॉडनी, तोही त्याच गावचा." मग थोडं थांबून म्हणाला, "शाळेत मास्तरांनी इंग्लंडचे राजे पाठ करून घेतले. आमच्या पणजोबांना इथं कुणी आणलं, कसं आणलं, ते कुणी सांगितलं नाही. ते या गाण्यांनी सांगितलं." एवढं बोलून त्याने टेप पुन्हा लावला आणि कामाला गेला.

महोदय, हा माणूस सैल होण्यासाठी गाणी ऐकत नव्हता.

शब्दांत काही नसतं म्हणता, तर रेगे गायक बॉब मार्लीच्या १९७६ च्या 'वॉर' या गाण्याचे शब्द इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले आहेत. त्याच्याच 'रिडेम्प्शन साँग'मधली मनाची गुलामी स्वतःच झटकून टाका ही ओळ गार्वींच्या १९३७ च्या भाषणातून आली आहे. ही भाषणं किती जणांनी वाचली असती? गाण्यात उतरली म्हणून शाळा सोडलेल्या माणसालाही ती तोंडपाठ झाली. रूट्स रेगेचं, म्हणजे इतिहास आणि श्रद्धा गाणाऱ्या रेगेचं, मोठेपण मला यात दिसतं. लेखात गार्वींचं नाव एकदाही नाही.

आणि त्या जटा! जटा राखणं हा जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या श्रद्धेचा भाग. १९६३ साली तिथल्या कोरल गार्डन्समधल्या हिंसक प्रकरणानंतर रास्ताफारी लोकांना धरधरून तुरुंगात टाकलं, मारलं, त्यांच्या जटा जबरदस्तीने कापल्या. सरकारने माफी मागितली ती २०१७ मध्ये. ज्या जटांपायी माणसांनी मार खाल्ला, त्यांचं असं गमतीचं चित्र करू नये. गांजाचंही तेच. तो शब्दच मुळी आपल्याकडचा, १८४५ पासून करारावर नेलेल्या हिंदी मजुरांबरोबर तिकडे गेलेला. रास्ताफारींसाठी त्याला धर्माचं स्थान आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं, निदान एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

जाता जाता आणखी एक. कोकणातल्या निवृत्त खलाशांच्या आठवणी कुणीतरी लिहून घ्याव्यात, असं पत्र मी गेल्या महिन्यात पाठवलं होतं. आमच्या वाडीत तिशी-चाळीशी बोटीवर घालवलेले चार जण होते, आता दोघे उरलेत. त्या पत्राची साधी पोचही मिळाली नाही. खलाशांचं कुणी गाणंही केलेलं नाही, म्हणून लिहिलं होतं.

बाकी काही जमलं नाही तरी चित्राखालची ओळ दुरुस्त करून छापा. तिथं 'आफ्रिकेतील जमैका' असं छापलं आहे. जमैका कॅरिबियन समुद्रात आहे. मी तिथं दोनदा जाऊन आलो आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सुकाणी, गुहागर