दहा शिंगे, सत्तावीस देश

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युरोपीय संघावरच्या आपल्या लेखाला उत्तर म्हणून एका वाचकाचे पत्र गेल्या रविवारी छापून आले. हा संघ म्हणजे बायबलातले दहा शिंगांचे श्वापद, त्यातूनच ख्रिस्तविरोधक, म्हणजे जगाच्या अंताआधी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, उठणार आणि आजचे २७ देश गळत गळत दहावर येणार, असे त्यांनी ठासून लिहिले आहे. मी ख्रिस्ती आहे, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि हे गणित आमच्याच घरात पाळलेले असल्यामुळे गप्प बसवेना.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे बायबल माझ्याकडे आहे. त्यातल्या दानीएलाच्या ग्रंथात जिथे हे दहा शिंगांचे श्वापद येते, त्या सातव्या अध्यायाशेजारी, समासात, त्यांनी आकडे घालून देशांची नावे लिहिली आहेत. पहिली सहा एका बैठकीतली: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग. पुढची तीन, म्हणजे ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क, नुकतेच टोक काढलेल्या पेन्सिलीने लिहिलेली. ती १९७३ ची. दहाच्या आकड्यापुढे कितीतरी वर्षे नुसते प्रश्नचिन्ह होते. १ जानेवारी १९८१ ला ग्रीस आत आला आणि बाबांनी ते खोडून निळ्या शाईने ‘ग्रीस’ लिहिले, खाली दोन रेघा मारल्या. त्या वर्षी आईला लोखंडी कपाट घ्यायचे होते, पैसेही साठले होते. बाबा म्हणाले, "आता कशाला?" आईने हंडे घासता घासता एवढेच विचारले, की मग पोरीच्या फीचेही राहू द्यायचे का? फी भरली गेली, कपाट राहिले.

१९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि दहाचे बारा झाले. बाबांनी ती दोन नावे लिहिली नाहीत. आधीची खोडलीही नाहीत. कपाट मात्र त्या दिवाळीत आले.

बाबा भोळे नव्हते. या मताला वंशावळ आहे. दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाला स्वप्नात मूर्ती दिसते: डोके सोन्याचे, छाती रुप्याची, पोट नि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, पावले लोखंड आणि मातीची. (बोटे दहा होती असे तिथे कुठेही लिहिलेले नाही, माणसाला असतात म्हणून आपण धरून चालतो.) सातव्या अध्यायात चौथ्या श्वापदाला दहा शिंगे, तशीच पुन्हा प्रकटीकरणात, म्हणजे बायबलाच्या शेवटच्या ग्रंथात. हे धातू आणि ही श्वापदे म्हणजे एकामागून एक येणारी राज्ये, आणि त्यातले चौथे राज्य म्हणजे रोम, ही समजूत फार जुनी. पण ते रोम शेवटच्या काळात दहा राज्यांच्या रूपाने पुन्हा उठेल, हा विचार घरोघर पोचवला तो एकोणिसाव्या शतकातल्या जॉन नेल्सन डार्बी यांच्या पंथाने, आणि मग १९०९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांसहित बायबलाने. पानाच्या वर वचन, खाली टीप. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पवित्र वाटू लागले. त्यात २५ मार्च १९५७ रोजी युरोपच्या सहा देशांनी सामाईक बाजाराचा करार केला तो नेमका रोममध्ये, तोही कॅपिटोलिन टेकडीवर. आणखी काय हवे होते? १९७० मध्ये एका अमेरिकन पुस्तकाने हेच लाखो घरांत नेले.

पुढचे मात्र आपल्या पत्रलेखकांनी सांगितले नाही. १९९५ मध्ये पंधरा, २००४ मध्ये पंचवीस, २०१३ मध्ये अठ्ठावीस. आकडा पळाला तशी मोजायची वस्तू बदलली. कुणी वेगळ्याच एका संरक्षण संघटनेकडे, वेस्टर्न युरोपियन युनियनकडे वळले, कारण तिचे पूर्ण सभासद दहा होते. ती २०११ मध्ये बंद झाली. कुणी म्हणाले दहा देश नव्हेत, साऱ्या जगाचे दहा विभाग. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला तेव्हा आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर "गळती सुरू झाली" म्हणून मराठी आवाज चढवलेली चित्रफीत फिरली. विद्यार्थ्याने उत्तर आधी लिहून मग रीत जुळवली तर मी गुण कापायचे.

गंमत अशी, की त्याच मूर्तीवरून नेमके उलटे भाकीतही शंभर-दीडशे वर्षे सांगितले जाते. पुण्यात ज्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट बंधू दुसऱ्या अध्यायाच्या ४३ व्या वचनावर बोट ठेवतात: लोखंड आणि माती जशी एकजीव होत नाही, तसे ते एकमेकांना धरून राहणार नाहीत. म्हणून युरोप कधीच एक होणार नाही. तो एक करता करता बादशहा शार्लमेन थकला, नेपोलियन थकला. म्हणजे संघ टिकला तर एका पंथाचे खरे, मोडला तर दुसऱ्याचे.

उत्तर आयर्लंडचे पाद्री-पुढारी इयान पेस्ली यांनी ऑक्टोबर १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोप दुसरे जॉन पॉल भाषणाला उभे राहताच "ख्रिस्तविरोधक म्हणून मी तुमचा धिक्कार करतो" अशी आरोळी ठोकली होती. त्याच संसदेत ते स्वतः १९७९ पासून २००४ पर्यंत सभासद होते. असो.

मला खरे दुःख वेगळ्या पानाचे आहे. दानीएलाचा ग्रंथ आजच्या रूपात आला तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पू. १६५ च्या सुमारास, सिरियाच्या ग्रीक वंशी अँटायोकस राजाने यरुशलेमेच्या मंदिरात विटाळ मांडला होता तेव्हा. सातव्या अध्यायात त्या दहा शिंगांमधून उगवणारे धाकटे, मोठमोठ्या गोष्टी बोलणारे शिंग म्हणजे तोच. प्रकटीकरण लिहिले गेले आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात लहान मंडळ्यांना, आणि त्यातली सात डोंगरांवर बसलेली बाई म्हणजे सात टेकड्यांचे रोम, हे त्यांना कुणी फोड करून सांगावे लागले नसेल. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात ती नगरी पडल्यावर व्यापारी रडतात. आता आमचा माल कोण घेणार? मग मालाची यादी: सोने, रुपे, मोती, तलम वस्त्रे, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ, आणि सर्वांत शेवटी, घोड्यांच्याही मागे, गुलाम, म्हणजे माणसांचे जीव. साम्राज्याच्या टाचेखालच्या कुणीतरी बंदरातली जमाखर्चाची वही उघडून दाखवावी तसे ते आहे. बाबांच्या बायबलात त्या पानावर एकही खूण नाही. शिंगे मोजण्यात ते पान राहून गेले.

युरोपीय संघावर टीका जरूर करावी. तो जन्मला १९५१ च्या कोळसा-पोलादाच्या करारातून, कारण फ्रान्स आणि जर्मनीला पुन्हा एकमेकांविरुद्ध तोफा ओतता येऊ नयेत. आज त्याचा शेतमालाच्या अनुदानाचा हट्ट, निर्वासितांना समुद्रावरच अडवण्याची धडपड, यांवर बोलायला हवे, आणि त्यासाठी श्वापदाची गरज नाही. ब्रिटिश मतदारांनी २०१६ मध्ये मतपेटीतूनच निर्णय दिला. तो चुकला की बरोबर ठरला, याचा वाद तिथे अजून चालू आहे.

एक तक्रार आपल्याकडेही. त्या पत्राला आपण ‘बायबलात युरोपीय संघ’ असा मथळा दिलात, तोही प्रश्नचिन्हाशिवाय. आमच्या बाबांनी निदान १९८१ पर्यंत ते ठेवले होते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर