तुझ्या नगरीची नऊ जणांची सभा

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

कादंबरीच्या नगरीचा आराखडा वाचला. नदीच्या मुखावरचं बंदर झकास जमलंय, जादूगारांचा संघही पटतो. सभा मात्र पटत नाही. सेनापती, सावकार, पुरोहित, जादूगार असे एकेक करून नऊ जण बसवलेस, प्रत्येकाला एक मत दिलंस आणि झालं! या नऊ जणांना एकमेकांची भीती कशी वाटत नाही? कोण कोणाला वचकून आहे यावरून सभेची घडण ठरते. आधी ते ठरव, खुर्च्या मागाहून मांड.

व्हेनिसचं बघ. तिथल्या बड्या घराण्यांना एकच धास्ती होती: आपल्यातलाच कुणीतरी राजा होऊन बसेल. म्हणून नगरप्रमुख, म्हणजे डोज, निवडायची जी रीत १२६८ मध्ये बसली ती वाचूनच दम लागतो. या घराण्यांच्या महासभेतून सोडतीने ३० जण काढायचे, त्यांतून पुन्हा सोडतीने ९ ठेवायचे. हे ९ जण मतदानाने ४० निवडणार. त्या ४० चे सोडतीने १२ होणार, ते १२ जण २५ निवडणार. २५ चे ९, त्यांनी निवडलेले ४५, ४५ चे ११ आणि त्यांनी निवडलेले ४१. हे शेवटचे ४१ डोज निवडणार, तेही किमान २५ मतांनी. सोडतीमुळे लाच नेमकी कोणाला चारायची हेच कळत नाही आणि मधल्या मतदानात अगदीच टाकाऊ माणूस गळतो. दोन्ही हवंच. नुसती सोडत ठेवलीस तर एखादा मूर्ख गादीवर येईल, नुसतं मतदान ठेवलंस तर पैसेवाला. ही रीत १७९७ ला प्रजासत्ताक बुडेपर्यंत टिकली.

सोडतीच्या गोळ्या काढायला रस्त्यावरचं एखादं लहान पोर आणत. तुझ्या नगरीत खरी गोची इथेच आहे. जादूने गोळी फिरवता येत असेल तर सोडतीला अर्थ उरत नाही, आणि मन वाचता येत असेल तर गुप्त मतदानालाही. तेव्हा जादू जिथे चालतच नाही अशी एक खोली लागेल. मग तिच्या किल्ल्या कोणाकडे? माझ्या मते तीन कुलुपं ठेव आणि एकमेकांशी वैर असलेल्या तीन घराण्यांकडे एकेक किल्ली दे. भांडणाचं एक प्रकरण त्यातूनच निघेल.

निवडून आल्यावरही डोज मोकळा नसे. शहराच्या सहा भागांचे सहा सल्लागार त्याच्या मानगुटीवर बसलेले, परदेशाहून आलेलं पत्र एकट्याने फोडायची मुभा नाही. गादीवर बसताना तो लेखी शपथ घेई. तो मेला की त्याच्या कारभाराची चौकशी होई आणि दंड निघाला तर वारसांकडून वसूल करत. मग मागच्या अनुभवावरून पुढच्या डोजच्या शपथेत नवी बंधनं घालत. हे जसंच्या तसं उचल. तुझ्या नगरीच्या कायद्याची ९५ कलमं एका बैठकीत लिहिल्यासारखी वाटतात. प्रत्येक कलमामागे कोणाची तरी लबाडी असली, तर शहराला वय येईल.

तुझं ‘छाया मंडळ’ तर फारच कच्चं आहे. गुप्त अधिकार आणि तहहयात सभासद? असं मंडळ दहा वर्षांत अख्खी सभा गिळेल. व्हेनिसची दहा जणांची समिती १३१० च्या बंडानंतर तात्पुरती म्हणून नेमली होती. मुदत वाढत वाढत १३३५ मध्ये ती कायमची झाली (तात्पुरत्या समित्यांचं सगळीकडे हेच होतं). पण सभासदाला एकच वर्ष, लगेच पुन्हा निवड नाही, एका घराण्यातले दोघे नाहीत आणि तिचे तीन प्रमुख दर महिन्याला बदलायचे. शिवाय डोज आणि ते सहा सल्लागारही बैठकीला, म्हणजे दहांच्या समितीत प्रत्यक्षात १७ जण. याच समितीने १३५५ मध्ये कटात सापडलेल्या डोजचं, मारिनो फालिएरोचं, डोकं उडवलं.

आता कायदे. खून-चोरीची कलमं कुठल्याही शहरात असतात, ती दोन ओळींत उरक. हे शहर कशाने मरेल, ते विचार. व्हेनिसला आगीची भीती, म्हणून १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. साथीची भीती, म्हणून १४२३ मध्ये रोग्यांसाठी वेगळं बेट. तुझ्याकडे मुखाशी साचणारा गाळ आहे आणि किमयागारांचं बनावट सोनंही. त्यावर एक कलम पुरतं लिही: सोनं कोण तपासणार, किती दिवसांनी, दंड किती, त्यातला वाटा खबऱ्याला मिळणार का. वाटा दिलास तर खोट्या तक्रारींचा पाऊस पडेल, म्हणून निनावी तक्रारीला साक्षीदारांची नावं सक्तीची कर.

तुझा कोतवाल नुसते चोर पकडतो. पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल बाजारभाव बघे, जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवी, शहरात कोण आलं-गेलं त्याची टिपणं ठेवी, तंटेही तोडी. एवढं काम दिलंस की त्याला हाताखाली माणसं लागतील आणि त्यांच्याबरोबर लाचही येईल. निरक्षर नागरिकांच्या सह्यांचं कोडंही आपल्याकडे सुटलेलं आहे. गोतसभेच्या, म्हणजे गावच्या न्यायसभेच्या, महजरावर (लेखी निवाड्यावर) शेतकरी नांगराची निशाणी करी, इतरही आपापल्या धंद्याच्या हत्याराची. तुझ्या कोळ्यांना गळ दे, जादूगारांना काय द्यायचं ते तू बघ.

आणि कारकून विसरू नकोस. व्हेनिसचे उमराव पदांवर येत-जात राहिले, पण चिटणीस उमराव नसलेल्या नागरिक-घराण्यांतले आणि वर्षानुवर्षं तेच. जुना ठराव कोणत्या वहीत आहे हे त्यांनाच ठाऊक. तुझ्या नऊ जणांमागे असा एक म्हातारा चिटणीस बसव आणि गाळाच्या करावरच्या बैठकीचं इतिवृत्त त्याच्याच हातचं लिहून पाठव. हजर किती, गैरहजर कोण, मतं कशी पडली, सगळं. पुढच्या खर्ड्याआधी मला तेवढंच वाचायचंय.

तुझा,
अनिल