अप्पांच्या रात्रीच्या जेवणासाठी मसूर

अथेन्स

ती. आईस,
सा. न. वि. वि.

अप्पांच्या साखरेचा रिपोर्ट दादानं पाठवला. डॉक्टरांनी रात्रीचा भात बंद केला आणि अप्पांनी त्याच्या जागी दोन भाकरी वाढवल्या, हेही कळलं. म्हणून आज इथल्या मसुराच्या सॅलडची रीत लिहिते. हायवेच्या धाब्यावरचा तर्रीवाला अख्खा मसूर नव्हे हा, हे अप्पांना आधीच सांगून टाक.

इथं मसूर अगदी रोजचा. ‘फाकेस’ म्हणतात, एरवी आमटीसारखा पातळ करून वरून व्हिनेगर घालून खातात, आणि गुड फ्रायडेला कित्येक घरांत बिनतेलाचा असतो. उन्हाळ्यात त्याचंच गार सॅलड. लेफकाडा बेटावरच्या एंग्लुवी गावचा मसूर नावाजलेला, आणि तसाच महाग. आपल्याला कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारातला सालीचा बारका मसूर बास.

कुकर अजिबात लावू नकोस. एक वाटी मसूर निवडून, धुऊन, गार पाण्यात तमालपत्र आणि ठेचलेली लसूण टाकून उघड्या पातेल्यात मंद ठेव. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, साल फुटते. वीस मिनिटं झाली की दाणा काढून दोन बोटांत दाबून बघत राहा: आत मऊ, पण साल अंगाला धरून. मधे कडक लागला तर आणखी चार-पाच मिनिटं. गाळ झाला तर सरळ आमटी कर, सॅलड विसर. मीठ शेवटी, तेही चिमूटभर. चाळणीत निथळून गरम असतानाच दोन चमचे व्हिनेगर आणि तीन चमचे ऑलिव्ह तेल घाल. गार झालेला मसूर चव शोषत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी तर चाळणी सिंकमध्ये असतानाच बाटली उपडी करतात!

व्हिनेगर अप्पांना चालणार नाही, तर लिंबू पिळ. त्यानं मसुरातलं लोहही अंगी लागतं, वहिनीलाही दे. निवल्यावर काकडी, ढबू मिरची, बिया काढलेला टोमॅटो आणि मीठ-लिंबात दहा मिनिटं मुरवलेला कांदा, सगळं बारीक चिरून. अजमोदा (पार्सली) नसली तर कोथिंबीर. वाळलेला ओरेगॅनो नसेल तर कुंडीतल्या पानओव्याची दोन पानं, वास बराचसा तसाच येतो.

वरून फेटा चीज. हे मेंढीच्या दुधाचं, त्यात शेळीचं चालतं ते 30 टक्क्यांपर्यंतच. आपल्या कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ना, तसं याचं नाव युरोपात 2002 पासून ग्रीसपुरतंच राखलेलं आहे. तिथं पनीर कुस्करून थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेव. फेटाची सर येत नाही, पण अप्पांच्या बीपीला तेच बरं, कारण फेटा आणि ऑलिव्ह दोन्ही चांगलेच खारट. ऑलिव्ह घातलेस तर धुऊन, चारच.

शिजलेल्या 100 ग्रॅम मसुरात साधारण 9 ग्रॅम प्रथिनं आणि 8 ग्रॅम तंतू असतात, म्हणून पोट भरतं आणि साखर भातासारखी भसकन चढत नाही. पण कर्बोदकंही, तंतू धरून, 20 ग्रॅम असतातच. तेव्हा हे भाकरीबरोबर नाही, भाकरीच्या ऐवजी. फार तर अर्धी द्या. अप्पा वरून कांदा-लसूण चटणी घेणारच, तिच्यातही मीठ आहे, एवढं लक्षात असू दे.

तेल मी येणाऱ्याबरोबर पाठवते. तोवर घाण्याचं शेंगतेल वापर. ग्रीक राहणार नाही, पण चवीला झकास लागतं. ऑलिव्हचं आलं की गॅसजवळ ठेवू नकोस, उन्हा-उष्णतेनं खवट होतं. आणि फोडणीला तर मुळीच घालू नकोस.

तुझी,
माई