दास्यमुक्तीची चळवळ : एका नायकाची आणि एका सालाची गोष्ट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२३ ऑगस्ट जवळ आला की गुलामांच्या व्यापाराच्या निर्मूलनावर मराठीत दोन-चार लेख हमखास येतात. बहुतेकांचा साचा ठरलेला असतो. विल्बरफोर्स नावाच्या धर्मशील खासदाराचे मन द्रवले, त्याने वीस वर्षे पार्लमेंटात झुंज दिली आणि १८०७ साली इंग्लंडने गुलामगिरी बंद केली. अलीकडे याच्या उलट साचाही रूढ होतो आहे : गुलामगिरी चर्चनेच पोसली, बाकी सगळी सारवासारव. दोन्हींत तथ्यांश आहे, पण दोन्ही वाचून चळवळ प्रत्यक्षात चालली कशी, हे कळत नाही. शिवाय १८०७ हे गुलामगिरी बंद झाल्याचे साल नव्हेच. आणि २३ ऑगस्ट ही तारीख तर कुठल्या कायद्याचीही नाही. १७९१ साली २२-२३ ऑगस्टच्या रात्री आजच्या हैतीतल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांनी उठाव केला, म्हणून युनेस्कोने तो दिवस निवडला.

धर्माने या चळवळीला दिले काय, तर करुणेच्या आधी संघटना दिली. २२ मे १७८७ रोजी लंडनच्या जॉर्ज यार्डमधल्या जेम्स फिलिप्स यांच्या छापखान्यात गुलामांच्या व्यापाराविरुद्धची समिती स्थापन झाली. तिच्या बारा सभासदांपैकी नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. या पंथात पगारी पुरोहित नव्हता. होत्या त्या मासिक, त्रैमासिक आणि वार्षिक सभा, प्रत्येकीचे इतिवृत्त आणि गावोगावचे पत्रव्यवहार करणारे सभासद. म्हणजे देशभर पत्रके पोचवायची यंत्रणा आयती तयार होती. पण याच यंत्रणेची दुसरी बाजूही पाहावी. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी १६८८ सालीच गुलाम बाळगण्याविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता. मासिक सभेने तो त्रैमासिक सभेकडे धाडला, तिने वार्षिक सभेकडे, आणि तिथे तो बासनात गेला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास साफ मनाई केली ती १७७६ साली. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षे सरकारी कचेरीतल्या फाइलसारखी गेली.

क्वेकर शपथ घेत नसत, त्यामुळे पार्लमेंटात त्यांना शिरकाव नव्हता. म्हणून अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा, खासदार पुढे करावा लागला, तो विल्बरफोर्स. त्याचे महत्त्व कमी करण्याचा हेतू नाही, पण तो समितीचा आवाज होता. हातपाय दुसऱ्यांचे होते, आणि त्यात पहिले नाव टॉमस क्लार्कसनचे. घोड्यावरून बंदरे पालथी घालत त्याने दोन प्रकारचा पुरावा जमवला. पहिला कागदी. गुलामांचा व्यापार म्हणजे खलाशांची पाठशाळा, तो बंद केला तर नौदल दुबळे होईल, असा व्यापाऱ्यांचा दावा होता. क्लार्कसनने जहाजांवरच्या खलाशांच्या हजेरीपटांवरून मृत्यूंचा हिशेब मांडला आणि या व्यापारात इंग्रज खलाशीच किती मरतात, ते दाखवून दिले. दुसरा पुरावा वस्तूंचा. लिव्हरपूलच्या एका दुकानात त्याने बेड्या, अंगठे चेपायचे स्क्रू आणि जबडा उघडायचे एक हत्यार विकत घेतले. या हत्याराची दोन टोके मिटलेल्या दातांमध्ये घालायची आणि मागचा स्क्रू फिरवला की ती फाकत जायची. अन्न नाकारणाऱ्या गुलामाला बळेच भरवण्यासाठी हे वापरत. हा पुरावा ठेवायच्या पेटीत तो आफ्रिकेतले विणलेले कापड, मसाले, चाकू असा मालही ठेवी. माणसे सोडून आफ्रिकेशी कशाचा व्यापार करता येईल, हे त्याला दाखवायचे होते. नुसती दया मागून पार्लमेंट हलत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

वृत्तपत्रांत नेहमी छापले जाणारे ‘ब्रूक्स’ जहाजाचे चित्र हा याच पद्धतीचा नमुना. लिव्हरपूलच्या या जहाजाची मोजमापे सरकारने पाठवलेल्या नौदल अधिकाऱ्याने घेतली होती, त्यामुळे विरोधकांना ती खोटी म्हणता येईनात. प्लिमथच्या समितीने १७८८च्या अखेरीस पहिला आराखडा काढला आणि १७८९ साली लंडनच्या समितीने तो विस्ताराने छापला. हिशेब असा : पुरुषाला ६ फूट लांब व १ फूट ४ इंच रुंद जागा, बाईला ५ फूट १० इंच व १ फूट ४ इंच, मुलाला ५ फूट व १ फूट २ इंच, मुलीला ४ फूट ६ इंच व १ फूट. १७८८च्या कायद्याने या जहाजावर ४५४ गुलाम नेण्यास परवानगी होती, म्हणजे एवढी दाटी कायदेशीर ठरत होती. कायदा होण्यापूर्वी याच जहाजाने एका फेरीत ६०९ जण नेले होते. आपल्याकडे हे चित्र छापताना खाली ‘गुलामांचे हाल’ एवढीच ओळ असते. ते हालांचे काल्पनिक चित्र नाही, मोजपट्टीने काढलेला नकाशा आहे, एवढे तरी ओळीत यावे. त्यातला एक दोषही सांगायला हवा. चित्रातली सगळी माणसे सारखी, निमूट आडवी पडलेली. बंड करणारा, समुद्रात उडी घेणारा गुलाम त्यात नाही, आणि पुढच्या काळातल्या अनेक चित्रांनी तोच कित्ता गिरवला.

मग आली साखर. १७९१ साली विल्यम फॉक्सने एक छोटी पुस्तिका काढली. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचतो, असे गणित त्याने मांडले. गणित ढोबळ होते, पण ते स्वयंपाकघरात करता येत होते. मताधिकार नसलेल्या बायकांच्या हाती बहिष्काराचे हत्यार आले. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली, असा क्लार्कसनचा अंदाज आहे. १७९२ साली पार्लमेंटाकडे ५१९ अर्ज गेले, त्यांवर सुमारे ३,९०,००० सह्या होत्या. तरी कायदा झाला नाही. कॉमन्स सभेने ठरावात ‘हळूहळू’ हा शब्द घुसवला, लॉर्ड्स सभेने चौकशी लांबवली, आणि १७९३ साली फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर सह्या गोळा करणारा प्रत्येक जण क्रांतिकारक ठरू लागला.

पुढची कोंडी फुटली ती नैतिक भाषणाने नव्हे, वकिली युक्तीने. जेम्स स्टीफन या वकिलाच्या डोक्यातून निघालेल्या १८०६च्या विधेयकाने ब्रिटिश जहाजांना शत्रूच्या व परक्या वसाहतींत गुलाम पोचवण्यास बंदी केली. युद्धकाळात याला विरोध कोण करणार? व्यापाराचा मोठा हिस्सा त्यानेच मोडला. वर्षभराने मुख्य विधेयक कॉमन्समध्ये २८३ विरुद्ध १६ मतांनी संमत झाले आणि २५ मार्च १८०७ रोजी कायदा झाला. बंद झाला तो व्यापार. मळ्यांवरचे गुलाम गुलामच राहिले. नवा पुरवठा थांबला की मालक आहेत त्या माणसांना नीट वागवतील, असा समितीचा होरा होता. तो साफ चुकला. पुढे गुलामांच्या नोंदणीतून उसाच्या वसाहतींतली त्यांची संख्या घटत असल्याचे उघड झाले.

आता धर्मग्रंथाकडे. त्याच १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची निवडक आवृत्ती छापली गेली. ११८९ अध्यायांपैकी तिच्यात उरले २३२. मोशेने इस्राएली लोकांना मिसरच्या दास्यातून सोडवले, तो भाग गाळला, दहा आज्ञा ठेवल्या. दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातले वचन (३:२८) गेले. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसकरांस पत्रातले वचन (६:५) राहिले. या उपक्रमामागचे लंडनचे बिशप पोर्टियस स्वतः गुलामांच्या व्यापाराचे विरोधक होते! अँग्लिकन चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेचा बार्बाडोसवर कॉड्रिंग्टन नावाचा उसाचा मळा होता. तिथल्या गुलामांच्या छातीवर एके काळी ‘सोसायटी’ असा डाग देत. या चर्चने २००६ साली माफी मागितली.

कात्रीतून सुटलेले बायबलही गुलामांच्या हाती पडलेच. जमैकातला सॅम शार्प स्वतः गुलाम आणि बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतला डीकन (सेवक-पुढारी). कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, या वचनाचा त्याने आधार घेतला. १८३१च्या नाताळच्या सुटीनंतर मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जायचे नाही, अशी शपथ त्याने बायबलवर हात ठेवून लोकांकडून घेतली. बेत संपाचा होता. २७ डिसेंबरला केन्सिंग्टन मळ्यावर आग लागली आणि संपाचा उठाव झाला. सुमारे ६०,००० गुलाम त्यात होते. तो मोडल्यावर ३००हून अधिक जणांना फाशी झाली, आणि शार्पला २३ मे १८३२ रोजी. चिडलेल्या गोऱ्यांनी बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट प्रार्थनाघरे जाळली. ती बातमी इंग्लंडमधल्या त्याच पंथांच्या मंडळींत पोचली, तेव्हा आजवर सबुरीने घेणारेही उठले. ‘तात्काळ, टप्प्याटप्प्याने नव्हे’ ही मागणी लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या क्वेकर बाईंनी १८२४ सालीच मांडली होती. १८३३ साली पाच हजारांहून अधिक अर्ज गेले, त्यात १,८७,००० बायकांच्या सह्यांचा एकच अर्ज होता.

गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३च्या कायद्याने २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली ती मालकांना. गुलामांच्या वाट्याला आली ‘उमेदवारी’, म्हणजे जुन्याच धन्याकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी काम. ती १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. आदल्या मध्यरात्री जमैकातल्या फाल्मथ गावी बॅप्टिस्टांनी चाबूक, साखळी आणि लोखंडी पट्टा एका शवपेटीत घालून पुरला. कॅरिबियन बेटांवर १ ऑगस्टचा मुक्तिदिन आजही पाळतात.

जाता जाता, समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘अमेझिंग ग्रेस’ या ख्रिस्ती भजनाच्या गोष्टीविषयी. १७४८च्या वादळात कप्तान जॉन न्यूटनला पश्चात्ताप झाला आणि त्याने गुलाम सोडून दिले, असे त्यात असते. प्रत्यक्षात त्या वादळानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला, तीन फेऱ्या केल्या आणि १७५४ साली आजारपणामुळे थांबला. व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली १७८८ साली. भजन त्याचे, पण ज्या चालीवर ते आज गातात ती त्याला १८३५ साली अमेरिकेत जोडली गेली.

आपल्याकडचे धागे तर लेखांत बहुधा नसतातच. १८२०च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली’ अशी अक्षरे असलेली साखरदाणी मिरवत. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामगिरी होतीच. कुणबिणी आणि बटकी (दासी) यांची खरेदी-विक्री पेशवे दप्तरात नोंदलेली आहे. १८३३च्या कायद्यातून कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. इथे १८४३चा पाचवा कायदा आला. त्याने गुलामांना मुक्त केले नाही, कोर्टांनी मालकीहक्क मानू नये एवढेच सांगितले. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६०च्या दंडसंहितेने, १८६२पासून. दरम्यान मॉरिशसमध्ये गुलामांच्या जागी गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर नेणे १८३४ सालीच सुरू झाले होते. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही तिकडे गेली. मॉरिशस १ फेब्रुवारीला गुलामगिरीचा अंत आणि २ नोव्हेंबरला गिरमिटियांचे आगमन, अशा दोन्ही दिवशी सुटी देतो.

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ १८७३च्या जूनमध्ये प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या दास्यविमोचकांना, ब्रिटिश पार्लमेंटाला नव्हे. या निवडीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वामन, परशुराम, बळी यांच्या कथा त्यांनी उलट्या बाजूने वाचल्या. ज्या ग्रंथाने बांधले तोच जाब विचारत वाचायचा, ही सॅम शार्पचीच रीत. त्याच महिन्यात, ५ जूनला, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मोहिमेनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली.

आणि शरणपूर. आरबी गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवत. त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आश्रमात येत आणि सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकत. त्यांतल्याच जेकब वेनराइटने १८७३ साली आफ्रिकेतला संशोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मुक्कामी दफनाची प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली आणि पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत तो शवपेटीसोबत गेला. नाशिकहून गेलेल्या अशाच लोकांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांची फ्रिअरटाउन ही वस्ती उभी केली. नाशिककर रोज शरणपूर रोडवरून जातात. येत्या ऑगस्टच्या पुरवणीत लंडनबरोबर या रस्त्यालाही अर्धे पान मिळावे, आणि १८०७, १८३३, १८३८, १८४३ या चार सालांत नेमके काय बंद झाले, त्याची एक चौकट छापावी, ही विनंती.

– इतिहासाचे काही अध्यापक, नाशिक